मागचं डावं दार

हंबीररावांनी नव्या गाडीच्या मागच्या दाराचं हँडल पुन्हा एकदा चिकटवलं आणि ते सुकेपर्यंत दाराला पाठ टेकून अंगणात उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, सुभेदार ऐटीत गाडीला रेलून कोवळं ऊन खातायत. दोघा-तिघांनी रामराम घातला. हंबीररावांनी तो मानेनंच घेतला, कारण हलायची सोय नव्हती.

दीपमालाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"पुन्ना निघालं?"

"हळू बोल. जरा सैल झालं हुतं."

"सैल? तुमच्या हातात हुतं की! मी खिडकीतनं बघितलं."

"नवी गाडी हाय. अंगवळणी पडायला येळ लागतो."

"तिच्या का आपल्या?" असं म्हणून दीपमालाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसानं आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान बाळगला होता: मिशी आणि शब्द. गाडी घ्यायची ठरली तेव्हा अख्ख्या वडूजनं त्यांना सल्ले दिले. हंबीररावांनी सगळे ऐकून घेतले आणि जी गाडी कुणीच सुचवली नव्हती ती घेऊन आले. रंग झकास, समोर मोठा पडदा, बसायच्या जागा मऊ. "आमी पारखून घेतलीया," असं त्यांनी पेढे वाटताना एसटी स्टँडवरच्या भेळवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. पहिल्याच दिवशी म्हसवडला जाऊन सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. परतताना पहिल्या गतिरोधकावर समोरचा कप्पा आपसूक उघडला आणि प्रसादाचा नारळ दीपमालाबाईंच्या गुडघ्यावर येऊन आदळला. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

खिडकीची काच खाली केली की ती दाराच्या पोटात बुडून जायची आणि वर यायचं नाव घ्यायची नाही. म्हणून हंबीररावांनी काचांचा फ्यूजच काढून ठेवला. मागच्या उजव्या दारातून पावसाचं पाणी आत यायचं, तर त्यांनी त्या दाराच्या फटीत सिलिकॉन भरून ते कायमचं बंद करून टाकलं. मागचं डावं दार आतून उघडतच नव्हतं. बाहेरून उघडायचं, तर हँडल वर उचलायचं, गुडघ्यानं दार आत रेटायचं आणि मग ओढायचं. शोरूममधल्या पोरानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि हसून सांगितलं, "काका, या मॉडेलला असंच असतंय." ते ऐकून हंबीररावांना उलट बरं वाटलं. म्हणजे आपल्याच गाडीत खोट नव्हती.

घरातली माणसंही शिकून तयार झाली. गतिरोधक दिसला की दीपमालाबाई न सांगता कप्प्याला गुडघा लावत. मागं बसणारा छताला हात लावत नसे, कारण तिथलं कापड आताशा फुगायला लागलं होतं. पाहुण्यांसमोर यातलं एक अक्षर कुणी काढायचं नाही, हा घरातला पहिला नियम होता.

आणि त्या नियमाला कारण होतं. हंबीररावांचे थोरले भाऊ लवकर गेले, त्यामुळे पुतण्या विश्वजीतचं लग्न जमवायचं काम त्यांच्यावर आलं. स्थळ तासगावकडचं. मुलगी अंकिता, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, बोलायला सरळ. तिनं आधी दोन स्थळं परतवली होती. दोन्हीकडच्या मुलांनी "आम्हाला काही नको" म्हटलं होतं आणि आठवडाभरात त्यांच्या मामा-काकांच्या तोंडून मागण्या बाहेर पडायला लागल्या होत्या. सुपारी फोडायच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "नक्की काही नको ना?" विश्वजीत बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात हंबीरराव मिशीवर हात ठेवून म्हणाले, "नारळ आन् मुलगी. ह्याच्या पल्याड आमचं पोरगं सुतळीचा तोडा घ्यायचं न्हाई. हा माझा शब्द."

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक शब्द देऊन टाकला. मुलीचे चुलते नाथाजी यांनी दारातल्या गाडीकडे बघून विचारलं, "कशी हाय वो गाडी?"

"लोण्यावानी पळतीया!"

नाथाजींनी महिन्याभरात तीच गाडी घेतली. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन यायचा.

"सुभेदार, गाडी काय म्हणतीया?"

"लोण्यावानी! तुमची?"

"आमची बी लोण्यावानीच की," असं म्हणून नाथाजी फोन ठेवायचे. बोलणं कधी याच्या पुढं जायचं नाही.

लग्न तासगावच्या अलीकडच्या एका मंगल कार्यालयात होतं. आमच्याकडे भावकीतली सगळ्यात नवी गाडी नवरदेवाला द्यायची पद्धत. हंबीररावांनी कुरकुर करून बघितली, पण न देण्याला कारण काय सांगणार? शेवटी गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. दाराच्या हँडलला कुणी माळ बांधू नये म्हणून ते स्वतः पहारा देत उभे राहिले. मायणी, विटा असं करत गाडी सुखरूप पोचली. दीपमालाबाईंचा गुडघा तेवढा दुखायला लागला.

मारुतीच्या देवळातून परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला. पुढं बेंजो, हलगी आणि नाचणारी पोरं, मागं गाडी. गाडीत हंबीरराव, शेजारी दीपमालाबाई आणि मागच्या सीटवर फेटा-मुंडावळ्यांसकट विश्वजीत. तो तालमीतला गडी, अंगानं दणकट. शेरवानीला खिसा नव्हता, म्हणून फोन आईच्या पिशवीत. कार्यालयाच्या दारात ओवाळणीचं ताट घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांच्या पुढं मुलीचे वडील जोतिबा आणि चुलते नाथाजी.

आत पोराला उकडू नये म्हणून गाडी चालूच ठेवून हंबीरराव खाली उतरले, कोट सारखा केला आणि दुसऱ्या कुणाचा हात लागायच्या आत मागच्या डाव्या दारापाशी पोचले. दीपमालाबाई आधीच उतरून बायकांत मिसळल्या होत्या. हँडल उचललं, गुडघा लावला, ओढलं.

हँडल अख्खं हातात आलं.

कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी ते कोटाच्या खिशात टाकलं. दाराला आता नुसतं भोक उरलं होतं. त्या भोकाला पाठ लावून हंबीरराव उभे राहिले, अंगणात उभे राहायचे तसेच.

"का वो सुभेदार?" जोतिबांनी विचारलं. "उतरवा की नवरदेवाला."

"उतरंल की. घाई काय हाय?" हंबीरराव म्हणाले. त्यांना दोन मिनिटं हवी होती. दोन मिनिटांत आपल्याला काहीतरी सुचेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

आत विश्वजीतनं दाराला खांदा दिला. गाडी हलली. पुन्हा दिला. पुन्हा हलली.

"अगं बया," ताट घेतलेली एक मावशी म्हणाली, "जावई रुसलं जणू!"

झालं. हा शब्द एकदा मांडवात निघाला की त्याला खाली पडू देत नाहीत. आमच्याकडे नवरदेवानं गाडीत रुसून बसायचं आणि सासऱ्यानं काहीतरी देऊन त्याचा रुसवा काढायचा, ही जुनी गंमत. कधी गंमत असते, कधी नसते. सगळ्यांनी हंबीररावांच्या तोंडाकडे बघितलं. "न्हाई, दार अडकलंय," एवढंच म्हणायचं होतं. पण समोर नाथाजी उभे होते. ज्यांना लोण्यावानी म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर भोक दाखवायचं? हंबीरराव नुसते खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला.

जोतिबांचा चेहरा किंचित उतरला, पण पाहुण्यांसमोर ते हसले. "असू द्या, मानाचं असतंय," म्हणत त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि काचेसमोर धरली.

आत विश्वजीतनं दोन्ही हात जोरजोरात हलवले. नको, नको! तो ओरडतही होता. पण बाहेर बेंजो जोरात होता आणि काच बंद.

"न्हाई म्हणतोय," मावशीनं सगळ्यांना समजावलं. "अंगठीवर भागत न्हाई."

कुणीतरी गळ्यातली साखळी काढून दिली. विश्वजीतनं हात जोडले. कोपरापासून नमस्कार केला.

"हात जोडले! म्हंजे साखळीबी नको. मोठं कायतरी पायजे."

विश्वजीत काय सांगणार? त्यानं बोटानं दाराकडे दाखवलं. हे दार, हे, उघडत नाही! पण त्याच्या बोटाच्या रेषेत, दाराच्या पलीकडे, अंकिताचा भाऊ वीरधवल याची नवी काळीभोर मोटरसायकल उभी होती. अख्ख्या वऱ्हाडानं त्या बोटाच्या दिशेनं वळून बघितलं.

"गाडी मागतोय की रं!"

वीरधवलच्या तोंडचं पाणी पळालं. जोतिबा लेकाकडे गेले आणि त्यांनी हात पुढं केला. वीरधवलनं खिशातून किल्ली काढली, एकदा तिच्याकडे बघितलं आणि बापाच्या हातावर ठेवली. हंबीररावांना ते बघवेना.

दीपमालाबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ आल्या. "सांगताय का मी सांगू?"

"थांब गं. अख्खी भावकी हाय."

"भावकी जेवून जाईल घरला. पोराला जन्म काढायचाय."

तेवढ्यात आत विश्वजीतनं शेवटचा उपाय केला. पुढच्या दोन सीटांच्या मधून घुसून पुढं जावं म्हणून तो उठला. मधल्या जागेत त्याचा एक खांदा मावला, दुसरा मावला नाही. फेटा छताला लागला आणि सकाळपासून उन्हात तापलेलं ते कापड एका टोकाकडून सुटत सुटत अलगद खाली आलं. नवरदेव फेट्यासकट त्याखाली झाकला गेला.

"आता तोंडबी झाकून घेतलं!" मावशी म्हणाली. "लय तापट दिसतोय."

नाथाजी मात्र नवरदेवाकडे बघत नव्हते. ते बराच वेळ हंबीररावांच्या पाठीमागं, दाराकडे बघत होते.

बायकांची रांग फाकली आणि शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली अंकिता बाहेर आली. "अंतरपाटाआधी बघायचं नसतं गं!" असं कुणी तरी ओरडलं. तिनं लक्ष दिलं नाही. आत कुणीतरी तिला सांगितलं होतं की नवरदेव मोटरसायकलीवर अडून बसलाय.

"बाबा, किल्ली दादाला द्या. अंगठी बोटात घाला."

"अगं, आज शुभ दिवस—"

"घाला आधी." मग ती हंबीररावांकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण बेंजोवाल्यांनी आपणहून वाजवायचं थांबवलं. "तात्या, सुपारीच्या दिवशी मी विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलं होतं. तुमचा शब्द म्हणाला होतात. मला मागणारा नवरा नको. शब्द खोटा असेल तर गाडी वळवा आणि घेऊन जा त्यांना."

हंबीररावांनी तिच्याकडे बघितलं. मग काचेकडे बघितलं, जिथं कापडाखाली त्यांच्या भावाचा मुलगा आंधळ्यासारखा हातांनी चाचपडत होता. दोन शब्द दिले होते, एक पोराबद्दल आणि एक गाडीबद्दल. दोन्ही राखता येणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी खिशात हात घातला, हँडल बाहेर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"पोरगं खरं हाय, अंकिता," ते म्हणाले. "गाडी खोटी हाय."

कुणाला काही कळेना. मग हंबीरराव बाजूला सरले आणि दाराचं भोक सगळ्यांनी बघितलं.

"दार उघडत न्हाई. आतनं बी न्हाई, भाईरनं बी न्हाई. पलीकडचं मीच चिकटवलंय. काचा उतरत न्हाईत. पोरगं मघापास्नं नको नको म्हणतंय आन् मी हितं दगडावानी उभा हाय. कारण माझ्या मिशीला लाज वाटली." एवढं एका दमात बोलून ते थांबले आणि लोक हसायची वाट बघू लागले.

हसलं कुणीच नाही. नाथाजी पुढं आले.

"सरका, सुभेदार."

त्यांनी काचेच्या खाली तळहात दाबला. टाचेनं दाराच्या खालच्या कोपऱ्यावर एक हलकी लाथ घातली. कमरेचा धक्का दिला, आपल्या खिशातली किल्ली भोकात घालून आत काहीतरी उचकटलं आणि ओढलं. दार उघडलं.

हंबीरराव बघतच राहिले. "तुमाला कसं जमलं?"

नाथाजींनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच आपल्या खिशातून एक हँडल काढलं. तेच, तसलंच, त्याच रंगाचं.

"रोजचंच हाय," ते म्हणाले.

"आन् मग लोण्यावानी?"

"तुमची लोण्यावानी पळतीया म्हटल्यावर आमची काय म्हणून सांगू? मला वाटलं, खोट माझ्याच गाडीत हाय."

"मग आज गाडी पाव्हणं आणायला गेलीया म्हणत हुता?"

"घराच्या मागं झाकून ठिवलीया."

तोवर विश्वजीत गाडीतून बाहेर आला होता. डोक्यावर छताचं कापड, फेटा एका कानावर, मुंडावळ्या मागं. समोर कोण आहे ते न बघताच तो म्हणाला, "मला काय बी नको! अंगठी नको, साखळी नको. पाणी द्या फक्त."

आधी अंकिता हसली. मग मांडव असा हसला की बेंजोवाल्यांना पुन्हा वाजवायचं सुचेना. वीरधवलनं किल्ली खिशात घातली आणि स्वतः धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. जोतिबांनी हंबीररावांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांना हाताला धरून मांडवात नेलं.

लग्न लागलं. पाठवणीला हंबीररावांनी मुद्दाम दुसरी गाडी बोलावली. अंकितानं ती परत पाठवली.

"मी याच गाडीतनं येणार, तात्या."

"पोरी, थट्टा करू नगंस. आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"थट्टा नाही. 'काही नको' हे मी आधी दोनदा ऐकलं होतं. बोलायला काय लागतं? यांच्यासमोर अंगठी धरली, साखळी धरली आणि दोन्ही वेळी यांनी हातानं नको म्हटलं, ते चारशे माणसांनी बघितलं. दार नीट उघडलं असतं तर हे मला कधी तपासायला मिळालं असतं?"

हंबीररावांनी डोळे पुसले आणि धूळ गेली असं सांगितलं. धूळ त्या गाडीत कायमच असायची, त्यामुळे ते खपून गेलं.

दिवस मावळताना गाडी वडूजला पोचली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. बायका दारात दाटल्या होत्या. हंबीरराव उतरले, मागच्या डाव्या दारापाशी गेले आणि या खेपेला पाठ लावून उभे न राहता गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दार उघडत न्हाई! जरा थांबा!"

"मग नवरीनं आतनंच नाव घ्यावं," दीपमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. आतून अंकिताचा आवाज आला:

"दाराचं निघालं हँडल, छताचं सुटलं कापड,
विश्वजीतरावांचं नाव घेते, गाडीबाई, आता तरी उघड!"

बायका हसून लोटपोट झाल्या. हंबीररावांनी नाथाजींनी शिकवल्याप्रमाणे तळहात दाबला, टाच मारली, कमरेचा धक्का दिला, किल्ली फिरवली. दार उघडलं. अंकिता उतरली आणि तिच्या मागून छताला डोकं न लावता, जपून, विश्वजीत.

नवरा-नवरी माप ओलांडून आत गेली तेवढ्यात हंबीररावांचा फोन वाजला. नाथाजी होते.

"पोचला का, सुभेदार? गाडी काय म्हणतीया?"

हंबीररावांनी हातातल्या हँडलकडे बघितलं. मग गाडीला रेलले, या वेळी खरंच आरामात, आणि म्हणाले, "भंगार हाय."

"आमची बी!" नाथाजी पलीकडून इतक्या जोरात म्हणाले की दीपमालाबाईंना दारातून ऐकू आलं.

मग दोघं बराच वेळ बोलत राहिले. सांगण्यासारखं दोघांकडंही पुष्कळ साठलं होतं.